गिअरचा त्रास कधी होतो, कधी नाही. गॅरेजमध्ये मात्र गाडी एकदम ठीक! असा दोष पकडायचा कसा?

संध्याकाळी साडेसहाची वेळ. स्वारगेटच्या जेधे चौकात सिग्नल सुटतो. ब्रेकवरचा पाय काढून तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, पण गाडी क्षणभर जागची हलत नाही आणि मग एकदम धक्का देऊन पुढे जाते. पुढच्या सिग्नलला काहीच होत नाही. पुढचे चार दिवसही गाडी नीट चालते. पाचव्या दिवशी कात्रज घाटात इंजिनचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. शनिवारी गाडी गॅरेजला नेली, तर मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, "काही प्रॉब्लेम नाही साहेब, गाडी मस्त आहे."

दुखणारा दात दवाखान्यात शिरताच थांबतो, तसाच हा प्रकार. पण दाताच्या दुखण्यापेक्षा यात धोका जास्त आहे. भर रहदारीत किंवा उतारावर गाडी अचानक न्यूट्रलला गेली तर जिवाशी खेळ. आणि अंदाजाने एकेक पार्ट बदलत गेलं तर खर्च लाखाच्या घरात जाऊनही दोष तिथेच राहतो.

म्हणून अशा बिघाडात एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. दुरुस्ती ही दुसरी पायरी आहे, दोष पकडणं ही पहिली. आणि तो होतो तेव्हा मेकॅनिक हजर नसतो, तुम्ही असता. त्यामुळे निदानाचं अर्धं काम गाडी चालवणाऱ्यालाच करावं लागतं. ते कसं करायचं, ते सविस्तर पाहू.

अधूनमधून येणारा दोष सापडत का नाही?

याची मुख्य कारणं तीन.

पहिलं, असा दोष ठरावीक परिस्थितीतच दिसतो. गिअरबॉक्समधलं ऑइल थंड असताना घट्ट असतं, गरम झाल्यावर पातळ होतं. एखादं रबरी सील थंड असताना नीट बसतं आणि तापल्यावर दाब सोडतं. वायरच्या कनेक्टरमधली गंजलेली पिन कोरड्या हवेत काम करते, पावसात करत नाही. गॅरेजमधली चक्कर साधारण पाच-दहा मिनिटांची. तेवढ्यात ती परिस्थिती तयारच होत नाही.

दुसरं कारण म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. आजच्या ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर कधी बदलायचा हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. एखाद्या सेन्सरकडून विसंगत माहिती आली की तो गिअरबॉक्स वाचवण्यासाठी गाडी एकाच गिअरमध्ये अडकवतो किंवा ताकद कमी करतो. याला 'लिंप मोड' म्हणतात, म्हणजे लंगडत का होईना, घरापर्यंत पोहोचण्याची सोय. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की कॉम्प्युटर नव्याने तपासणी करतो आणि त्या क्षणी सगळं ठीक असेल तर गाडी पूर्ववत चालते. आपण समजतो, दोष गेला. प्रत्यक्षात तो फक्त झाकला गेलेला असतो.

तिसरं कारण, डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणजे दोष नाही, हा समज. बरेच दोष एकदा दिसले की कॉम्प्युटर त्यांची 'प्रलंबित' अशी नोंद करतो. पुढच्या फेरीतही तेच घडलं तरच दिवा लावतो. घडलं नाही तर काही फेऱ्यांनंतर ती नोंद आपोआप पुसली जाते. म्हणजे पुरावा काही दिवसच टिकतो.

आधी ओळखा, तुमच्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे

'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या यंत्रणा विकल्या जातात. त्यांचे आजार वेगळे आणि उपायही वेगळे. मित्राच्या गाडीला लागू पडलेला उपाय तुमच्या गाडीला लागू पडेलच असं नाही, त्याचं कारण हेच.

मॅन्युअल : क्लच पॅडल आणि हाताने टाकायचा गिअर. अधूनमधून गिअर अडकणे, टाकताना कर्रकर्र आवाज येणे, चालत्या गाडीत गिअर सटकून न्यूट्रलला येणे, चढावर क्लच घसरणे ही यातली नेहमीची लक्षणं. कारण नेहमी गिअरबॉक्सच्या आतच असतं असं नाही. क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडर गळत असेल तर गाडी तापल्यावर पॅडल खाली बसतं आणि गिअर पडत नाही. गिअर लिव्हरपासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या केबलचा बुश झिजला असेल, तरी गिअर 'कधी पडतो, कधी नाही' असं होतं.

एएमटी : आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पायाहाताऐवजी ॲक्च्युएटर करतो. भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओमधून हा प्रकार घराघरांत पोहोचला. गिअर बदलताना थोडी मान हलणं हा या यंत्रणेचा स्वभाव आहे, तो दोष नव्हे. पण सिग्नलला अचानक 'एन' हे अक्षर लुकलुकणं, ब्रेक दाबूनही गिअर न पडणं, हे मात्र दोषाचं लक्षण. ॲक्च्युएटर विजेवर चालतो, त्यामुळे कमजोर बॅटरी आणि खराब ब्रेक स्विच यांचाही यात मोठा हात असतो.

टॉर्क कन्व्हर्टर : पारंपरिक ऑटोमॅटिक. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ऑइलने भरलेलं एक चक्र असतं. ऑइल कमी किंवा जळकं झालं, किंवा ऑइलचा दाब वाटून देणारा सोलेनॉइड वाल्व्ह अडकू लागला, की गिअर उशिरा पडणे, धक्का बसणे असे त्रास सुरू होतात. ठरावीक वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर, रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली तर कन्व्हर्टरमधल्या लॉकअप क्लचकडे संशय जातो.

सीव्हीटी : यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांच्यामध्ये धातूचा पट्टा. इंजिनचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो, हा त्याचा स्वभाव. पण घाटात बराच वेळ चढल्यावर ताकद कमी होत असेल, तर ऑइल तापल्यामुळे यंत्रणा स्वतःला वाचवत असण्याची शक्यता असते.

ड्युअल क्लच : याला डीसीटी किंवा डीएसजी म्हणतात. एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. यातल्या 'ड्राय' प्रकारात क्लचला थंड ठेवायला ऑइल नसतं, त्यामुळे रांगत चालणारी रहदारी त्याला मानवत नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर आणि गरम झाल्यावर येणारा इशारा ही त्याची ओळख.

हवामान आणि रहदारी कशी दोष लपवतात : दोन गाजलेली उदाहरणं

असे दोष ग्राहकांच्या डोक्यातली कल्पना नसतात, हे सांगणाऱ्या दोन घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत.

नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमधलं ७ गिअरच्या डीएसजीचं ऑइल बदलून देण्याचं ठरवलं. या गिअरबॉक्समध्ये भरलेल्या सिंथेटिक ऑइलमुळे उष्ण आणि दमट हवेत, विशेषतः सतत थांबत-चालत जाणाऱ्या रहदारीत, विजेच्या पुरवठ्यात दोष निर्माण होऊ शकत होता. उपाय म्हणून सिंथेटिकच्या जागी मिनरल ऑइल भरण्यात आलं. दोष यंत्राच्या दात्यांमध्ये नव्हता. ऑइल, ऊन, दमटपणा आणि रहदारी एकत्र आल्याशिवाय तो दिसतच नव्हता. थंड, मोकळ्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तो शोधायला गेलं असतं तर सापडला नसता. याच जातीचा ७ गिअरचा डीएसजी आपल्याकडे २०१३ साली पोलो जीटी टीएसआयमधून आला.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. फोर्डच्या पॉवरशिफ्ट या ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या गाड्या थरथरतात, धक्के देतात, अशा तक्रारी ग्राहक करत होते. 'तुमची चालवण्याची पद्धत चुकते आहे,' असं उत्तर त्यातल्या अनेकांना मिळालं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१८ साली तिथल्या फेडरल कोर्टाने तक्रारींची हाताळणी अन्यायकारक ठरवून कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

यातून घ्यायचं ते एवढंच. 'गाडी ठीक आहे' हे उत्तर मिळालं तरी ती तपासणी कोणत्या परिस्थितीत झाली, हे विचारायला लाजू नका.

आळ गिअरबॉक्सवर, दोष भलत्याचाच

गिअरबॉक्स उघडण्याआधी ही शक्यता पडताळून पाहायलाच हवी. पुढच्या बिघाडांची लक्षणं गिअरबॉक्सच्या बिघाडासारखीच दिसतात.

- इंजिनचा एखादा इग्निशन कॉइल किंवा स्पार्क प्लग कमजोर असेल तर चढावर, वरच्या गिअरमध्ये गाडी हिसके देते.
- इंजिन आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग तुटलं किंवा दबलं असेल तर गाडी उठताना 'ठक्' असा आवाज होऊन धक्का बसतो.
- ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट झिजला असेल तर वळताना कटकट आवाज येतो.
- इंधनाचा फिल्टर तुंबला असेल तर घाटात पिकअप मिळत नाही.
- बॅटरी कमजोर किंवा अर्थिंगची वायर सैल असेल तर एसी, हेडलाइट आणि पंखा एकत्र चालू असताना कॉम्प्युटरला नीट वीज मिळत नाही आणि तो चुकीचे निर्णय घेतो.
- पावसाळ्यात बॉनेटखाली आसऱ्याला आलेल्या उंदराने वायर कुरतडली असेल तर काहीही होऊ शकतं.

फरक ओळखायची एक सोपी खूण म्हणजे आरपीएमचा काटा. त्रास होताना काटा झपकन वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच किंवा गिअरबॉक्स कुठेतरी घसरतो आहे. काटा खाली आला, थरथरला आणि गाडी दमल्यासारखी झाली, तर आधी इंजिनाकडे बघायला हवं.

नोंद ठेवा : मेकॅनिकला हवी असलेली माहिती

'गाडी कधीकधी धक्का देते' या वाक्यावरून कोणताही मेकॅनिक निदान करू शकत नाही. 'गाडी अर्धा तास रहदारीत चालल्यावर, दुसऱ्यातून पहिल्या गिअरला येताना, एसी चालू असताना धक्का देते,' या वाक्यावरून करू शकतो. मोबाइलच्या नोंदवहीत प्रत्येक वेळी या सात गोष्टी लिहा. अर्थात गाडी बाजूला थांबवल्यावर.

१. तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा.
२. गाडी सुरू करून किती मिनिटं झाली होती? इंजिन थंड होतं की गरम?
३. कोणता गिअर, किती वेग, किती आरपीएम?
४. रस्ता कसा होता? सपाट, चढ, उतार, वळण की खड्डा?
५. हवा कशी होती? पाऊस, कडक ऊन, सकाळचा गारवा?
६. एसी, दिवे चालू होते का? गाडीत किती माणसं होती?
७. नेमकं काय झालं आणि गाडी बंद-चालू केल्यावर गेलं का?

शेजारी बसलेल्या व्यक्तीला डॅशबोर्डचा व्हिडिओ काढायला सांगा. आरपीएम, वेग, गिअरचं अक्षर आणि आवाज, चारही गोष्टी त्यात यायला हव्यात. चालवणाऱ्याने स्वतः मोबाइल हातात धरायचा नाही. व्हिडिओपेक्षा जीव मोठा.

आठ-दहा नोंदी झाल्या की त्यातून एक सूत्र दिसू लागतं. साधारण अंदाज असे बांधता येतात.

- फक्त सकाळी पहिल्या पाच मिनिटांत त्रास : थंड ऑइल, चुकीच्या ग्रेडचं ऑइल, झिजलेला सिंक्रोनायझर.
- फक्त गाडी पूर्ण तापल्यावर : क्लचचं हायड्रॉलिक, सोलेनॉइड, दाब सोडणारी सीलं, जुनं ऑइल, तापलेला ड्राय क्लच.
- फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर : कनेक्टर, वायरिंग, सेन्सर.
- फक्त खड्ड्यातून गेल्यावर : सैल कनेक्टर, तुटकी वायर, माउंटिंग.
- फक्त तीव्र चढ, उतार किंवा लांब वळणावर : ऑइलची पातळी कमी असण्याची शक्यता, कारण ऑइल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो.
- कसलंच सूत्र नाही, कधीही, कुठेही : बहुधा विजेचा दोष.

हे अंतिम निदान नाही. पण कुठून सुरुवात करायची, ते यातून ठरतं.

स्वारगेट ते कात्रजचा जुना बोगदा : घरबसल्या मिळालेला चाचणीचा रस्ता

पुण्याच्या दक्षिण भागात राहणाऱ्यांची एक सोय आहे. जेधे चौकातून सातारा रस्त्याने कात्रजपर्यंत आणि तिथून जुन्या घाटाने बोगद्यापर्यंत दहा-बारा किलोमीटरच्या टप्प्यात गिअरबॉक्सची जवळजवळ सगळी परीक्षा होते. मेकॅनिकला शेजारी बसवून ही फेरी एकदा करा. गाडी तुम्ही चालवा, कारण त्रास तुमच्या चालवण्यात दिसला आहे. नंतर अदलाबदल करून त्यालाही चालवू द्या.

गाडी आदल्या रात्री गॅरेजमध्ये ठेवता आली तर उत्तम. म्हणजे सकाळची थंड सुरुवात मेकॅनिकला स्वतः पाहता येते. पहिला टप्पा स्वारगेटच्या चौकातली रहदारी. थांबा, निघा, पुन्हा थांबा. एएमटी आणि ड्युअल क्लचची थरथर इथेच दिसते. दुसरा टप्पा पद्मावती, बालाजीनगर, भारती विद्यापीठ असा सातारा रस्ता. इथे मोकळी जागा मिळाली तर स्थिर वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी चालवून पाहा. लॉकअपची थरथर असेल तर ती अशा वेळी जाणवते. तिसरा टप्पा कात्रजचा घाट. सतत चढ, वळणं आणि तापलेलं ऑइल. क्लच घसरत असेल तर तो इथे लपत नाही. बोगदा ओलांडून सुरक्षित जागी गाडी वळवा आणि परत या. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या ओढीवर नीट थोपते का, हेही कळतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्रास दुपारच्या उन्हात होत असेल तर चाचणी सकाळी सातला करून उपयोग नाही. आणि त्रास चार माणसं बसल्यावर होत असेल तर चार माणसं बसवूनच चाचणी करा.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही?

स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्याला स्कॅनर जोडला की कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचता येतात. 'पी ०७००' हा कोड एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार आहे. खरी तक्रार त्या कॉम्प्युटरमध्ये पाहावी लागते. 'पी ०७१५' आणि 'पी ०७२०' हे गिअरबॉक्समधल्या वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटबद्दल असतात, तर 'पी ०७३०' म्हणजे टाकलेला गिअर आणि प्रत्यक्षातलं फिरणं यांचा हिशोब जुळत नाही.

कोड म्हणजे निदान नव्हे. सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सरच खराब असतो असं नाही. त्याची वायर, कनेक्टर किंवा अर्थिंगही खराब असू शकतं. त्यामुळे कोड आल्यावर पुढची पायरी मोजमापाची, पार्ट बदलण्याची नाही. गाडी चालू ठेवून वायरिंग हळूच हलवून पाहिलं आणि आकडे उड्या मारू लागले, तर दोष तिथेच आहे.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त स्कॅनर इंजिनचे कोड दाखवतात, पण बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचत नाहीत. त्यात 'दोष नाही' असं दिसलं तर निर्धास्त होऊ नका. त्या कंपनीच्या गाड्यांसाठी बनवलेला स्कॅनर लागतो. त्यावर 'फ्रीझ फ्रेम' नावाची एक नोंद मिळते. दोष झाला त्या क्षणी वेग किती होता, आरपीएम किती, इंजिनचं तापमान किती, याचा तो फोटोच समजा. तुमच्या नोंदीशी तो जुळवून पाहा.

म्हणूनच एक नियम पाळा. कोड आधी वाचा, त्याचा फोटो किंवा प्रिंट घ्या, मगच पुसू द्या. 'बॅटरी काढून लावली की बरं वाटतं' हा उपाय करणारे बरेच जण त्याबरोबर पुरावाही पुसून टाकतात.

खर्चाचा क्रम : स्वस्तापासून महागाकडे

पहिल्याच भेटीत कोणी 'गिअरबॉक्स उतरवावा लागेल' म्हणालं, तर पुढचा क्रम पूर्ण झाला का, ते विचारा.

१. पूर्ण स्कॅन आणि त्याची प्रिंट.
२. बॅटरी, चार्जिंग आणि अर्थिंग. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीचा व्होल्टेज साधारण १२.६ असतो. इंजिन चालू असताना तो बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ च्या दरम्यान दिसतो.
३. गिअरबॉक्सचे कनेक्टर, वायरिंग, ब्रेक स्विच.
४. ऑइलची पातळी, रंग आणि वास. नव्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत ऑइल तपासायची कांडी नसते. ठरावीक तापमानाला, गाडी समपातळीत उचलून पातळी पाहावी लागते. काळपट रंग आणि जळका वास ही चांगली लक्षणं नाहीत. सीव्हीटी, डीसीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या तिघांची ऑइलं वेगळी असतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेलंच ऑइल वापरा, 'सगळ्याला चालतं' असं सांगून दिलेलं नको.
५. माउंटिंग, गिअर केबल, बुश, क्लचचं हायड्रॉलिक.
६. सॉफ्टवेअर अपडेट आणि क्लचची नव्याने ओळख. एएमटी आणि डीसीटीमध्ये क्लच झिजत जातो, तसा तो कुठे पकडतो हे कॉम्प्युटरला पुन्हा शिकवावं लागतं. धक्के बसण्याचा त्रास काही वेळा एवढ्यानेच कमी होतो.
७. मोजमापातून दोषी ठरलेला सेन्सर, सोलेनॉइड किंवा ॲक्च्युएटर.
८. सगळ्यात शेवटी गिअरबॉक्स उतरवणं.

एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहा. तीन पार्ट एकत्र बदलले आणि त्रास गेला, तर कशामुळे गेला ते कळत नाही. परत आला, तर पहिल्यापासून सुरुवात. आणि अधूनमधून येणारा दोष दोन दिवस दिसला नाही म्हणजे गेला असं समजू नका. आधी तो दहा दिवसांतून एकदा यायचा, तर निदान महिनाभर वाट पाहा.

जॉब कार्ड हाच तुमचा पुरावा

गाडी वॉरंटीत असेल तर तोंडी तक्रार करून परत येऊ नका. त्रास काही मिनिटांत दिसला नाही तरी प्रत्येक भेटीचं जॉब कार्ड बनवून घ्या. 'जनरल चेकअप' असं लिहू देऊ नका. तुमचीच वाक्यं लिहायला लावा : कधी, कोणत्या गिअरला, किती वेगात, काय होतं. दोष सापडला नाही, तर तसंही लेखी घ्या. व्हिडिओ ईमेलने पाठवा, म्हणजे तारीख राहते. बदललेला जुना पार्ट पाहायला मागा. या गाडीसाठी कंपनीने गिअरबॉक्सबद्दल काही तांत्रिक सूचना किंवा अपडेट काढलं आहे का, तेही विचारा.

याचा फायदा पुढे होतो. वॉरंटी संपल्यावर गिअरबॉक्स पूर्ण बसला, तर 'ही तक्रार आम्ही वॉरंटीतच चार वेळा नोंदवली होती,' हे कागदावर दाखवता येतं. नोंद नसेल तर ती नवी तक्रार ठरते.

सेवा केंद्र आणि कंपनी दोघांनीही दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो, आणि मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालतं. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो. पण अधूनमधून येणारा दोष त्या दिवशीही लपून बसू शकतो. अशा वेळी तारखांसह असलेली जॉब कार्डं, व्हिडिओ आणि स्कॅनच्या प्रिंट यांनाच वजन येतं.

अपेक्षाही वास्तववादी ठेवा. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केलं होतं की वॉरंटीत दोषी पार्ट बदलून देण्याची जबाबदारी असेल, तर थेट नवी गाडी देण्याचा आदेश योग्य ठरत नाही. त्यामुळे 'गाडीच बदलून द्या' यापेक्षा 'दोष शोधून तो पार्ट बदला आणि झालेल्या नुकसानीची भरपाई द्या' ही मागणी जास्त टिकते.

गाडी चालवूच नये, असं केव्हा?

काही लक्षणं दिसली तर नोंदवही बाजूला ठेवा आणि गाडी थांबवा.

- चालत्या गाडीत गिअर आपोआप न्यूट्रलला जात असेल.
- 'पी' मध्ये लावूनही गाडी घरंगळत असेल.
- जळका वास, धूर किंवा खालून ऑइल गळत असेल.
- गिअरबॉक्स गरम झाल्याचा इशारा पुन्हा पुन्हा येत असेल.
- धातूवर धातू घासल्याचा आवाज येत असेल.

कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना अपघातांच्या बातम्यांमधून चांगलाच माहीत आहे. अशा उतारावर गिअर निघून गेला की इंजिनची ओढ संपते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून ठेवले तर ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते. त्यामुळे गिअर सटकण्याचा संशय असलेली गाडी घेऊन सातारा, महाबळेश्वर किंवा कोकणात उतरायचा बेत करू नका. ती दुरुस्त होईपर्यंत स्वारगेटहून एसटीने गेलेलं बरं.

वाटेत ताकद गेलीच, तर धोक्याचे दिवे लावा, वेग असेपर्यंत गाडी डावीकडे घ्या, हँडब्रेक ओढा आणि माणसांना रस्त्यापासून दूर उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ हा मदतीचा क्रमांक आहे. ऑटोमॅटिक गाडी दोरी बांधून ओढत नेऊ नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समधला ऑइलचा पंप फिरत नाही आणि चाकं फिरत राहिली तर आतलं नुकसान वाढतं. अख्खी गाडी वर चढवून नेणारं वाहनच मागवा.

जुनी गाडी घेताना

असा दोष असलेल्या काही गाड्या थेट विक्रीला येतात. कोड पुसले, बाजारात उभी केली. हे ओळखायची एक युक्ती आहे. कोड पुसल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या 'रेडीनेस' नावाच्या स्वयंतपासण्याही शून्यावर येतात आणि त्या पूर्ण व्हायला पुढे काही दिवसांचं चालवणं लागतं. स्कॅनरवर बऱ्याच तपासण्या 'अपूर्ण' दिसल्या, तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती, असं समजा आणि कारण विचारा. चक्कर मारायला गाडी आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पुन्हा पाहायला जा. आणि घाट चढवल्याशिवाय व्यवहार करू नका.

रोजच्या चालवण्यात काय सांभाळाल?

चढावर गाडी ॲक्सिलरेटरच्या जोरावर थोपवून धरू नका, ब्रेक वापरा. एएमटी आणि ड्राय ड्युअल क्लचचा क्लच यामुळे फार लवकर तापतो. रांगत्या रहदारीत ब्रेक अर्धवट सोडून इंच-इंच सरकण्यापेक्षा पुढे थोडी जागा होऊ द्या आणि मग एकदाच पुढे जा. मॅन्युअल गाडीत क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय सोडा. 'डी' मधून 'आर' मध्ये जाताना गाडी पूर्ण थांबू द्या. पावसाळ्याआधी बॅटरी आणि वायरिंग एकदा पाहून घ्या.

आणि आजच करता येण्यासारखं एक काम : मोबाइलमध्ये गाडीच्या नावाने एक नोंदवही उघडा. पुढच्या वेळी धक्का बसला की गाडी बाजूला घ्या आणि वरच्या सात ओळी तिथल्या तिथे लिहा. त्या ओळी दाखवल्यावर मेकॅनिकला 'काही प्रॉब्लेम नाही' म्हणण्याआधी त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहावी लागेल.